रेड्याला लागलेली हळद

“अगं, आबाजींच्या रेड्याला पाणी का पुरत न्हाय, ते मला इचार. माळावर बसलीया ती. तीच पिती समदं. आन् आता रतनची हळद बी त्याच वाटंनं यायची, मंजी...”

बानूबाई एवढं बोलली आणि एकदम गप्प झाली. कालव्याच्या पायरीवर, तिच्या पाठीशीच, भागूबाई धुण्याचं गाठोडं कमरेवर घेऊन उभी होती.

“मंजी काय?” भागूबाईनं विचारलं.

“काय न्हाय बाई. आपली धुण्याची गोष्ट.”

“तुझ्या धुण्याला हळद लागती व्हय?”

बाकीच्या बायका हसल्या. बानूबाई मान खाली घालून लुगडं आपटत राहिली.

भागूबाईचा स्वभाव साऱ्या आळीला माहीत. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाचे पाहुणे कशावरून तोंड वाकडं करून गेले, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण रात्री-अपरात्री कुणी हाक मारली तर सगळ्यांत आधी दार उघडायचं तेही तिचंच. आबाजी तिचे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांच्या रतनला तिनं मांडीवर घेऊन न्हाऊ घातलेलं. त्यामुळं ती अर्धी गोष्ट तिला दिवसभर टोचत राहिली.

रेडा म्हणजे जनावर नव्हे, आबाजींची मोटर. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्यांतली एक. बोजड, चारी चाकांनी ओढणारी. नांगरटीत घाला, ओढ्याच्या वाळूत घाला, मान खाली घालून निघायची. मूळचं पेट्रोलचं इंजिन थकल्यावर आबाजींनी पुण्याच्या एका मिस्त्रीकडून डिझेलचं बसवून घेतलं, आणि तेव्हापासून रेड्याला तापायचा रोग जडला. आप्पा डायव्हरनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. रेडिएटर उतरवून सोड्याच्या पाण्यात उकळला. पंख्याचा पट्टा बदलला. जाळीपुढं ओलं गोणपाट बांधलं. तरी बारामतीच्या कालव्याचा हिरवा पट्टा मागं पडून भिगवणच्या वाटेवरचा माळ लागला, की रेडा फुसफुसायला लागायचा आणि चढाच्या माथ्यावर एका हिवराच्या झाडाखाली वाफ सोडून उभा राहायचा. जाताना नाही तर येताना, पण त्याच झाडाखाली. मग लोक बोलणारच.

लोकांचं बोलणं भागूबाईनं एरवी पदराला बांधून घेतलं असतं आणि चवीनं चघळलं असतं. पण यात रतनचं नाव होतं.

मागल्या वैशाखात रतनचं लग्न एकदा ठरलं होतं. मांडवही पडला होता. रीत अशी, की आधी नवऱ्या मुलाला हळद लावायची आणि त्याच्या अंगाची उरलेली, उष्टी हळद नवरीकडे आणायची. तीच तिला लागते. त्या दिवशी पाटावर बसवलेली रतन दिवस मावळेपर्यंत तशीच बसून राहिली. हळद आलीच नाही. तिकडच्यांनी मोडता घातला होता, आणि तो सांगायला माणूससुद्धा पाठवला नव्हता. पोरीच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. भागूबाईनं तिला काखेत धरून उठवली होती.

यंदा भिगवणच्या अलीकडं, भीमेकाठच्या एका वस्तीवरचा बापू नावाच्या मुलाचं स्थळ जुळलं. घर चांगलं, बागायत चांगली. पण रतन आईला एवढंच म्हणाली, “हळद दारात आल्याबगर मी पाटावर बसायची न्हाय. आन् या बारीला न्हाय आली, तर पुन्ना कवाच बसायची न्हाय.”

ओरडून म्हणाली असती तर आईनं समजूत घातली असती. ती तांदूळ निवडत निवडत, शांतपणे म्हणाली. भिंतीपलीकडून भागूबाईनं ते ऐकलं आणि पदर खोचून ती सरळ आबाजींच्या ओसरीवर गेली.

“हळद मी सोता घिऊन येते. दिवस मावळायच्या आत. रेड्यात बसून येते, न्हाय तर डोक्यावर घिऊन चालत येते.”

आबाजींनी नुसते हात जोडले.

हळदीच्या दिवशी सकाळी रेडा निघाला. आप्पा सुकाणूवर, शेजारी भागूबाई. मागं पाण्यानं भरलेले घासलेटचे डबे. माळ लागला तशी भागूबाईनं तोंड उघडलं.

“आप्पा, माळावर कोण बसलंय रं?”

“कोण बसतंय? रेडिएटरची खालची नळी चिरलीया, मावशी. पुण्यास्नं नवी मागिवली, आजून आली न्हाय. चढाला इंजन तापतं, पाणी जोर करतं, चीर उघडती. पाणी गळालं की आणखी तापतं.”

“मग त्याच झाडाखाली कशापाय?”

“चढ तितंच संपतो म्हणून.”

“लोकं तर म्हणत्यात...”

“लोकांस्नी नळी कुठं ठावं हाय?” आप्पा हसला.

बोलणं पटण्यासारखं होतं. सकाळचा गारवा होता, रेडाही न फुसफुसता चढ चढला. पण हिवराचं झाड आलं तेव्हा आप्पानं हॉर्न एकदा हळूच वाजवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भागूबाईनं ते बघितलं आणि पहिल्यांदाच तिला काही विचारावंसं वाटलं नाही.

वस्तीवर सगळं थाटात झालं. बापू खाली मान घालून बसला होता. गोरा, अबोल मुलगा. हळद लावताना बायका त्याची थट्टा करत होत्या, पण तो हसला नाही. उष्टी हळद एका पितळी गडूत भरून वर खण झाकला. बरोबर मुलाची आत्या साखरबाई निघाली. बाकीचं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी यायचं होतं. साखरबाई बोलकी. गाडीत बसल्या बसल्या तिनं रतनच्या उंचीपासून आबाजींच्या म्हशींपर्यंत सगळी चौकशी केली. भागूबाईला तोडीस तोड भेटली होती. दोघींचं असं काही जमलं, की आप्पा म्हणाला, “इंजनाचा आवाज जरा ऐकू द्या की वो.”

माळ सुरू झाला तशी साखरबाई गप्प झाली.

“दुसरी वाट न्हाय का रं डायव्हर?” तिनं विचारलं.

“हाय की. पर लांबनं. दिवस मावळंल.”

डोईवरचा पदर तिनं कपाळापर्यंत ओढून घेतला.

ऊन आता मी म्हणत होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना करपलेलं गवत, मधूनच एखादी काटेरी बोर, आणि लांबवर हवा नुसती थरथरत होती. इंजिनाचा आवाज जड झाला. तापल्या लोखंडाचा आणि जळक्या रबराचा वास पायाखालच्या फळीतून वर यायला लागला. चढाच्या माथ्यावर रेड्यानं एक लांब उसासा टाकला, झाकणाच्या फटींतून पांढरी वाफ सुटली, आणि आप्पानं गाडी हिवराखाली घेतली.

इंजिन बंद झालं. मग उरला तो रेड्याच्या पोटातला खदखदाट, आणि निवणाऱ्या लोखंडाची टक... टक... टक. ते दोन्ही आवाज विरले तेव्हा माळ इतका मुका झाला, की भागूबाईला आपल्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. एवढ्या उन्हात एखादा तितर तरी ओरडतो. काही नाही.

“रेडिएटरची टोपी लगेच उघडायची न्हाय,” आप्पा म्हणाला. “तोंड भाजंल. निवू द्या.” तो मागं गेला, आणि मागूनच त्याचा आवाज आला. “मावशी...”

“काय रं?”

“डबं रिकामं हायती.”

“आरं, भरून घेतलेलं की!”

“सांध्यातनं गळालं असंल...” तो म्हणाला खरा, पण फळ्यांवरून हात फिरवून त्यानं तो हात बघितला. फळ्या कोरड्या होत्या.

ओढा आटलेला. जवळची विहीर म्हणजे पार खालच्या वस्तीवर. डबा डोक्यावर घेऊन जाऊन यायचं, तर दिवस तिथंच संपला असता. भागूबाईनं मांडीवरचा गडू घट्ट धरला. तिच्या डोळ्यांपुढं पाटावर बसलेली रतन आली. नाही, पाटावर न बसलेली.

“पाणी पायजे का?”

आवाज झाडामागून आला होता. एक पोरगी उभी होती. रतनच्या वयाची, सावळी, धनगराच्या पोरी नेसतात तसं जाडंभरडं लुगडं नेसलेली. काखेत काळं मडकं. मेंढरांच्या ओल्या लोकरीचा वास येत होता, पण मेंढरं कुठं दिसत नव्हती.

“आगं, पायजे म्हंजी काय! देवासारखी आलीस बघ,” भागूबाई खाली उतरली. “कुठली तू? एवढ्या उनाची पाणी कुठनं आणलंस?”

“हितलंच हाय.”

पोरीनं आधी भागूबाईच्या ओंजळीत पाणी ओतलं. भागूबाई माहेरची कऱ्हाटीची. कोरडवाहू गावची, पाण्याची चव ओळखणारी. पण असं पाणी तिनं कधी प्यालं नव्हतं. वैशाखाच्या उन्हात दात शिवशिवावेत इतकं गार. आणि चव मातीची, खोल मातीची.

आप्पानं मडकं घेतलं, टोपीवर फडकं टाकून ती हळूहळू सैल केली, आणि पाणी बारीक धारेनं आत सोडायला लागला. ओततच राहिला. मडकं मोठं नव्हतं.

पोरगी भागूबाईच्या हातातल्या गडूकडं बघत होती.

“हळद हाय न्हवं? वासानं कळलं.”

“व्हय गं. आमच्या रतनची.”

“जरा द्या की. एवढीशी.” तिनं चिमूट दाखवली.

तिच्या हाताला चुडा नव्हता. बोटं कोरडी, भेगाळलेली, राखेच्या रंगाची. भागूबाईला कणव आली. लग्नाच्या वयाची पोर, उन्हातान्हात मेंढरांमागं हिंडतेय. पण हळद दुसऱ्याची ठेव होती, आणि नवरीच्या अंगाला लागण्याआधी ती भलतीला कशी द्यायची?

“न्हाय गं बाई. ही नवरीची. आधी तिला लागू दे. तू अशी हिरमुसू नगंस. तुझ्या लग्नात तुला हळद लावाया मी सोता येईन.”

“याल?”

“येईन की.”

“समदी आसंच म्हणत्यात,” पोरगी म्हणाली. रागानं नाही. दमलेलं माणूस बोलतं तसं.

गाडीखालून आप्पाचा वैतागलेला आवाज आला. “मावशी, न्हाय जमत. चीर वाढलीया. ओतलेलं समदं गळतंय. साबण भरला, त्यो बी वाहून गेला.” तो सरपटत बाहेर आला, गुडघे झाडले, आणि त्याची नजर गडूवर गेली. “हळद टाकली तर थांबंल.”

“काय?”

“आमी करतो कवा कवा. पाण्यात हळद टाकली की चिरंत जाऊन बसती. घट्ट व्हती. घरापातुर नक्की धरंल.”

“आरं, उष्टी हळद ती! मोटारीला लावू?”

“मग ती हितंच ठिवून बसू या. तुमी म्हणशीला तसं.”

भागूबाईनं सूर्याकडं बघितलं. तो कलायला लागला होता. मूठभर दिली तर बाकीची पोचणार होती. न दिली तर सगळी इथंच वाळणार होती. तिनं साखरबाईकडं वळून विचारलं, कारण हळद तिच्या घरची होती. साखरबाई गाडीतून उतरलीच नव्हती. तोंड दुसरीकडं करून बसली होती.

“द्या...” ती म्हणाली. “द्या आन् निघा. हितं थांबू नगा.”

भागूबाईनं खण बाजूला केला, मूठभर हळद काढली, आणि मनातल्या मनात रतनची क्षमा मागून ती रेड्याच्या तोंडात सोडली. त्या गार पाण्यात हळद मिसळली. आप्पानं हँडल मारलं. रेडा गुरगुरला, सगळं अंग हलवून जागा झाला.

आणि भागूबाईला दिसलं, की पोरगी गाडीच्या पुढं, जाळीखाली, उकिडवी बसली आहे. नळीतून पाणी गळत होतं. आधी स्वच्छ, मग फिकं, मग पिवळंजर्द. पोरीनं दोन्ही तळहात त्याखाली धरले होते. ते पिवळं पाणी तिनं तळहातांवर चोळलं. मग गालांना लावलं. मग दंडांना, मग पायांना. अगदी रीतीनं, जशी सवाष्णी लावतात तशी. ते पाणी उकळतं असायला हवं होतं. तिनं हूं की चूं केलं नाही.

एक थेंब पडला. मग थोड्या वेळानं आणखी एक. मग गळणं थांबलं.

“धरली!” आप्पा ओरडला. “मावशी, नळी धरली! बसा.”

भागूबाईनं खाली बघितलं. मातीवर ओला पिवळा डाग होता. पोरगी नव्हती, मडकं नव्हतं. लोकरीच्या वासाऐवजी मांडवात येतो तसा ओल्या हळदीचा वास दरवळत होता.

रेडा उतार उतरून सपाटीला लागला. मग साखरबाईनं आपण होऊन सांगितलं, पुढच्या काचेकडं बघत.

“नकोशी तिचं नाव. मेंढरं राखणाऱ्यांची पोर, पर आमच्या बापूच्या मनात भरली व्हती. लगीन ठरलं. आमी हळद घिऊन बैलगाडीनं निघालो, आन् त्याच झाडापाशी गाडीचा आस मोडला. पोचाया रात झाली... तवर पोर पटकीच्या साथीत गेली व्हती. पाटावरच. शेवटपातुर ‘हळद आली का’ इचारत व्हती म्हणं. पाणी मागितलं न्हाय. हळद मागितली.”

“आन् तुमी आमाला बोलला न्हाय?” भागूबाईनं विचारलं.

“बोललो असतो, तर पोर दिली असती तुमी?”

भागूबाईनं गडूवरचा खण पुन्हा सारखा केला.

ते पोचले तेव्हा सूर्य कालव्याकाठच्या उसामागं टेकला होता. दारात उभ्या असलेल्या रतननं रेडा बघितला, मावशीच्या हातातला गडू बघितला, आणि ती आत जाऊन पाटावर बसली. तिच्या आईला रडू फुटलं. हळद थोडी कमी होती. पण पोरीच्या अंगाला लागली, दिवस मावळायच्या आत लागली, आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. आबाजींनी लेकीला रेड्यातच बसवून सासरी धाडली. माळ आला, चढ आला, हिवर आला. रेडा तापला नाही.

तो पुन्हा कधीच तापला नाही. पुण्याची नवी नळी आली, ती आप्पानं तशीच फळीवर ठेवून दिली. “हळदीनं काम केलंय, कशाला उचकटा?” तो सगळ्यांना सांगायचा. मात्र रेडिएटरची टोपी उघडायचं काम तो टाळायचा. एकदा भागूबाईनं फारच छळलं, तेव्हा म्हणाला, “मावशी, दिसभर गाडी पळवली तरी पाणी आतनं गार असतं.” आणि हिवराखाली तो आता हॉर्न वाजवत नसे. गरज नाही म्हणायचा.

कालव्यावर बानूबाईनं विषय काढलाच. “काय गं, पिती का न्हाय ती पाणी?”

“पीत न्हाय,” भागूबाई म्हणाली. “ते खोटं हाय. ती उलट...” आणि साऱ्या आळीला नवल वाटलं, की भागूबाईनंसुद्धा एक गोष्ट अर्धीच सोडली.

पुढच्या चैत्रात ती रतनला भेटायला भीमेकाठी गेली. रतन सुखात होती, अंगानं भरली होती. बापू आता हसायचा, दारात पाहुणी बघून त्यानं स्वतः घोंगडी अंथरली. त्या घरात रीत अशी, की नवी सून उंबऱ्यात आली की हळदीचे हात दाराशेजारच्या भिंतीवर टेकवते. भागूबाईनं सवयीनं भिंत न्याहाळली. रतनचे दोन पंजे ओळखू येत होते. तिचं करंगळीचं बोट लहानपणापासून वाकडं. त्यांच्या शेजारी, जरा खाली, आणखी दोन होते. लहान. बोटांच्या भेगासुद्धा उमटलेल्या.

“हे कुणाचं गं? सासूबाईचं?”

रतननं आत बापूकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. भ्यालेली मात्र वाटली नाही.

“न्हाय मावशी. मी रेड्यातनं उतरून उंबऱ्यात आले, हात टेकवाया गेले, तवा ते तितं व्हतं. वलं व्हतं. मी कुणाला बोलले न्हाय... मला वाटलं, तुमीच कुणाला तरी संगं धाडलं असंल.”

भागूबाईनं पुन्हा एकदा ते लहान पंजे बघितले. उन्हातून आली होती, घसा सुकला होता. रतननं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं ओंजळ धरली, आणि पाणी ओठांना लागताच तिचे दात शिवशिवले.